माझ्या बाटलीतल्या गोळ्या

"दोन्ही पोरींले एकाच डबीतल्या गोळ्या द्या ना मॅडम," माय म्हणाली. "दोन दोन डब्या कायले?"

खानोरकर मॅडमच्या टेबलावर दोन पांढऱ्या बाटल्या ठेवल्या होत्या. एकीवर माझं नाव, यशोधरा टेंभुर्णे. दुसरीवर माझ्या धाकट्या बहिणीचं, उत्पलाचं. नावाखाली कसलेसे आकडे होते. बाकी बाटली तीच, झाकण तेच, आतल्या गोळ्याही तशाच पिवळट, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या.

"शेवंताबाई, परत सांगते," मॅडम म्हणाल्या. "एकीच्या बाटलीत नवं औषध आणि दुसरीच्या बाटलीत नुसती भुकटी, असं असू शकतं. दोन्हींत औषध असू शकतं. दोन्हींत नसूही शकतं. कुणाला काय द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, चिठ्ठ्या टाकतात तसं."

"न् तुमाले मालूम असन ना, कोणात काय हाय ते?"

"नाही. मलाही माहीत नाही."

माय त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाप्पा! तुमालेच मालूम नाही? मंग तुमी डॉक्टर कायच्या?"

मी टेबलाखालून मायला चिमटा काढला. मॅडम मात्र खो खो हसल्या. मग शांतपणे त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हे औषध सिकलसेलवर खरंच लागू पडतं का, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तेच तर शोधायचंय. म्हणून अर्ध्या लोकांना औषध, अर्ध्यांना भुकटी, आणि कुणाला काय ते सगळ्यांपासून लपवलेलं. आमच्या नेहमीच्या गोळ्या दोघींच्याही चालूच राहतील. दर महिन्याला यायचं, रक्त द्यायचं, नवी बाटली घेऊन जायचं. "आणि मनात नसेल तर आत्ताच नाही म्हणा. मी रागावणार नाही, तुमचे उपचारही थांबणार नाहीत," त्या म्हणाल्या.

माय कसली नाही म्हणते! दोन पोरींना घेऊन ती इतकी वर्षं नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत होती. बाबा राईस मिलमध्ये पोती उचलायचे, त्यांना खाडा परवडत नव्हता. दवाखान्याची सगळी भानगड मायच्याच डोक्यावर. तिनं सही केली, आम्ही दोघींनी केली, आणि बाटल्या पदरात बांधून ती उठली.

सिकलसेल ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक बारीक नसांमध्ये अडकून बसतात. मग हाडं दुखतात. दुखतात म्हणजे काय, ते मला सांगता येत नाही. दवाखान्यात त्याला क्रायसिस म्हणतात. आमच्या धानाच्या पट्ट्यात घरोघरी हे आहे. माय-बाबांच्या रक्तात ते नुसतं लपून होतं, त्यांना कधी काही झालं नाही. आम्हा दोघींत मात्र उघड झालं.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि उत्पला, आमची उपल, बारावीला. उपल म्हणजे हाडाचा सापळा. डोळे पिवळे, अंगात रक्त नाही, पण तोंड असं की शेजारणी तिच्या वाटेला जात नसत. क्रायसिस आला की ती अख्खं गाव उठवायची. "माय वं, मेलो वं, माह्ये पाय तोडून टाक वं!" तिचं ओरडणं ऐकून चार घरं सोडून राहणारी वनिताकाकू धावत यायची. माय तिला मांडीवर घ्यायची, पाय चोळायची, स्वतःही रडायची. मी पाणी तापवायची, ऑटो बोलवायची, पिशवी भरायची. मोठी ना मी!

मलाही व्हायचंच. पण एका घरात दोघींनी बोंबलून कसं चालेल? मी भिंतीकडे तोंड करून पडायची. मायनं विचारलं की म्हणायची, "काही नाही, ठीक हाय."

नव्या बाटल्या आल्या आणि चार महिन्यांत चित्र एकदम पालटलं. म्हणजे माझं पालटलं. मला एकदाही क्रायसिस आला नाही. मी कॉलेजात सायकलनं जाऊ लागले. गालांवर मांस आलं. उपलला मात्र त्याच चार महिन्यांत दोनदा भरती करावं लागलं, दुसऱ्या खेपेला तर रक्त चढवलं. माय माझ्याकडे बघायची, मग उपलकडे बघायची, मग कोनाड्यातल्या त्या दोन बाटल्यांकडे बघायची. एवढं बघणं बघून मला कळायला हवं होतं की हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

पाचवी बाटली घेऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी कॉलेजातून लवकर आले. उपल पलीकडच्या खोलीत पडून होती. माय स्वयंपाकघरात खाली बसली होती, समोर दोन वाट्या, दोन्हींत पिवळट गोळ्या, बाजूला दोन रिकाम्या बाटल्या. ती एका वाटीतल्या गोळ्या सांभाळून एका बाटलीत ओतत होती.

"काय करून राहिली तू?" मी विचारलं.

मायचा हात थांबला. पण फक्त क्षणभरच. मग तिनं उरलेल्या गोळ्याही ओतल्या आणि झाकण लावलं.

"हळू बोल. ती झोपली हाय."

"माय, ती माह्यी बाटली हाय ना? माह्या गोळ्या तू तिच्यात टाकल्या?"

"न् तिच्या तुह्यात." तिनं दोन्ही बाटल्या पुसल्या. "यशो, तुले दिसून नाही राहिलं? तुह्या बाटलीत औषध हाय. तिच्यात माती हाय. चार महिने झाले, तू कशी ठणठणीत हाय पाह्य. न् ते पोट्टी मरून राहिली वं."

"न् मी मेलो तर?"

"असं बोलू नोको." तिनं माझा हात धरला. "तू सोसतं वं बाई. तिच्यानं नाही होत. तुह्यात दम हाय. एवढं वर्ष काढून दे, मंग मॅडम दोघींलेही देतीन."

तू सोसतं. आमच्या घरात हे माझं कौतुक होतं. परीक्षेत पहिली आले त्याचंही एवढं कौतुक झालं नव्हतं. मी हात सोडवून घेतला.

"देऊन टाक. सारंच देऊन टाक तिले. माह्ये हाडंही दे."

"मॅडमले सांगू नोको. नाही तर दोघींलेही काढून टाकतीन. न् उपलले तर मुळीच नोको सांगू. ते ऐकणार नाही, त्या गोळ्या फेकून देईन."

मी बाहेर निघून गेले. जेवायलाही बसले नाही. मायनं ताट झाकून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. खरं सांगू? गोळ्या गेल्या याचं मला इतकं वाटलं नाही. दोन पोरी तराजूत घालून आपल्या मायनं माझं पारडं हलकं ठरवलं, आणि तेही माझी तारीफ करत करत, याचं वाटलं.

त्यानंतर महिनाभरात माझ्या खुब्यात दुखायला लागलं. मग मांडीत, मग पाठीत. एकदा वर्गात बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सायकल बंद झाली. गालांवर आलेलं मांस आलं तसं गेलं. मी दररोज ती गोळी हातात घ्यायची, तिच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, माती खा यशोधरा, माती. आणि उपल? उपल सुधारली! सुटीत तिला एकदाही क्रायसिस आला नाही. ती चक्क अंगणात लगोरी खेळली.

"पाह्यलं?" माय माझ्या कानाशी येऊन म्हणाली. तिच्या तोंडावरून आनंद वाहत होता. "मी म्हटलं नोतं?"

मी म्हटलं, "हो माय. लय हुशार हाय तू."

टोमणा तिला कळला नाही. कळला असेल तरी तिनं तो त्या दिवशी घेतला नाही. आणि उपल सुधारल्याचं मला वाईट वाटत होतं का? नाही. तिला लगोरी खेळताना बघून मलाच रडू आलं होतं. पण त्याच वेळी माझा खुबा ठणकत होता, आणि दोन्ही गोष्टी एकाच अंगात मावत नव्हत्या.

पुढच्या दोन खेपांनाही मायनं तेच केलं. नवी बाटली आली की दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाट्या निघायच्या. मी घरी असले तर मुद्दाम दारात जाऊन बसायची. तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं. आदल्याच दिवशी मी कॉलेजच्या जिन्यावर बसून राहिले होते. उतरताच येईना. दोन मैत्रिणींनी धरून मला खाली आणलं. घरी येऊन मी मायला म्हटलं, "काही नाही, ठीक हाय," आणि ती ठीक हाय समजून उपलच्या केसांना तेल लावत बसली.

नागपूरला मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, "यशोधरा, गोळी रोज घेतेस ना?"

"घेतो ना," मी म्हटलं. "पण माह्यी नाही घेत, उपलची घेतो. माह्यी उपल घेते. मायनं बदलून टाकल्या."

उपल बाहेर रक्त द्यायला गेली होती. मायनं माझ्याकडे असं बघितलं की तसं तिनं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी नजर वळवली नाही. आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन, सांगितलं ते बरोबर केलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या काही ओरडल्या नाहीत.

"शेवंताबाई, खरं आहे हे?"

"हो." माय म्हणाली. "काढून टाकाचं असन तर मले टाका. पोरींले नोको. त्याइनं काही नाही केलं."

"काढणार नाही कुणाला. पण का केलंत असं?"

"का म्हणजे? माय हाओ मी! तुमच्या त्या कॉम्प्युटरले पोरी हायत का? त्यानं चिठ्ठी टाकली न् बसला मोकळा. माह्या डोळ्यासमोर एक हसून राहिली न् एक मरून राहिली, मी काय पाहत बसू?"

मॅडमनी आमच्या दोघींच्या फायली पुढे ओढल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं. पण शेवंताबाई, या औषधाचं उत्तर चुकलं तर ते साऱ्या पोरींसाठी चुकेल. तुमच्या दोघींसारख्याच कितीतरी आहेत. म्हणून मला खरं कळायला हवं, काय झालं ते."

दर खेपेला आमच्या रक्ताची एक जादा ट्यूब पुण्याला जायची. औषध रक्तात आहे की नाही, ते तिथे तपासायचे. ते निकाल मॅडमना दाखवत नसत. आता त्यांनी तिकडे कळवायचं ठरवलं. कुणाला काय आहे ते सांगू नका, अदलाबदल झाली का, एवढंच सांगा. नव्या बाटल्या त्यांनी आमच्या दोघींच्या हातात वेगवेगळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांनी तिघींना परत बोलावलं.

ते पंधरा दिवस माय माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, समोर सरकवायची, उठून जायची. उपलला कुणीच काही सांगितलं नव्हतं. "तुमचं दोघीचं का बिनसलं वं?" तिनं मला दोनतीनदा विचारलं. मी म्हटलं, "मायले विचार." तिनं विचारलं नाही. मी ठरवून टाकलं होतं की आता माझी बाटली मला परत मिळाली, मी बरी होणार. आणि त्याच्या पाठोपाठ यायचंच मनात, की मग उपलचं काय? तेवढ्यावर मी विचार थांबवायची. झोप मात्र लागायची नाही.

ठरल्या दिवशी मॅडमच्या खोलीत आम्ही तिघी ओळीनं बसलो. मॅडम जरा गोंधळलेल्या दिसत होत्या.

"पुण्याहून उत्तर आलंय," त्या म्हणाल्या. "अदलाबदल झालेली नाही. एकदाही नाही. जिची बाटली, तिच्याच रक्तात तिचं आहे ते."

"असं कसं?" मी म्हटलं. "मी माह्या डोळ्यानं पाह्यलं!"

"दोन्हींत एकच असेल तर?" माय पुटपुटली.

"तसं असतं तर पुण्याला सांगताच आलं नसतं. मी विचारलं तेही. त्यांना सांगता आलंय."

"नाही मॅडम." माय खुर्चीच्या कडेला आली. "मी खोटं नाही बोलत. या हातानं ओतल्या मी गोळ्या. तीनदा ओतल्या. तिच्या हिच्यात, हिच्या तिच्यात. न् फरक पडला ना! उपल बरी झाली, यशोले दुखाले लागलं. सारं गाव सांगन."

मॅडम तिच्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणूनच मला कुणाला काय आहे ते सांगत नाहीत, शेवंताबाई. माहीत आहे असं वाटलं, की माणसाला जे बघायचं असतं तेच दिसायला लागतं. मलाही दिसेल."

इतके महिने मी ज्याला माती म्हणून गिळत होते, ती माझीच गोळी होती. पुढे अभ्यास संपला तेव्हा बाटल्यांत काय काय होतं तेही कळलं. औषध उपलच्या बाटलीत होतं. माझ्या बाटलीत पहिल्यापासून भुकटी. ज्या चार महिन्यांत मी सायकल चालवली ते माझं नशीब, आणि उपलच्या अंगी औषध लागायला वेळ गेला, एवढंच. पण त्या दिवशी त्या खोलीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही तिघी मायलेकी हेच धरून बसलो होतो, की खरं औषध माझ्या बाटलीत आहे.

"मी परत बदलल्या," उपल म्हणाली.

तिघींनी तिच्याकडे बघितलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मी झोपलो नोतो त्या दिवशी. तुमी दोघी स्वयंपाकघरात भांडल्या ते ऐकलं मी. दुसऱ्या दिवशी माय अंगणवाडीत कामाले गेली तवा ताईच्या न् माह्या गोळ्या काढल्या न् जिच्या तिच्यात टाकून देल्या. माय दर वेळी करे, मी दर वेळी उलटं करो."

"अवं भवाने!" माय ओरडली. "मरून राहिली होती ना तू! तुलेच तर देल्या होत्या मी!"

"उत्पला," मॅडमनी हळूच विचारलं, "तुला बरं व्हायचं नव्हतं का गं?"

"व्हाचं होतं ना. कोणाले नसते?" उपलनं नाक पुसलं. "पण ताईले माह्यापेक्षा जास्त दुखते."

"कोणाले?" माय म्हणाली.

"ताईले. तुले नाही मालूम माय. ते ओरडत नाही, म्हणून तुले वाटते तिले कमी हाय. मी एकाच वाकळीवर झोपतो तिच्या बाजूनं. ते चादर तोंडात कोंबते. तिचे पाय थरथर करतात, माह्या पायाले लागतात. घामानं सारी वाकळ वली होते. सकाळी उठून पुन्हा पाणी तापवते माह्यासाठी. मी ओरडतो तवा तू येतं, बाबा येते, काकू येते. तिच्यापाशी कोणीच नाही येत. मंग गोळी तरी तिची तिले राहू दे, म्हटलं."

मला वाटायचं उपल झोपलेली असते. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं.

माय माझ्याकडे वळली. "यशो, खरं हाय का वं?"

"काही नाही, ठीक..." एवढं तोंडातून निघालं आणि पुढचं निघेना. "लय दुखते माय," मी म्हटलं. "पहिलेपासून. लय दुखते."

मायनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. खरोखरचा, जोराचा. मॅडम उठून उभ्या राहिल्या. "मंग बोंबलाचं ना वं!" माय म्हणाली आणि दुसरा घातला, आणि तिसरा घालता घालता तिचा हात तिथंच राहिला आणि तिनं मला ओढून छातीशी धरलं. "मुकी हाय का तू? मले का सपन पडते? बोंबलाचं ना बाई! मायपाशी नाही बोंबलणार तर कोणापाशी बोंबलशीन?"

आणि मग मी बोंबलले. त्या खोलीत, मॅडमसमोर, वीस वर्षांची घोडी, गळा काढून. बाहेरच्या बाकांवरची माणसं दारातून डोकावली. उपल एका बाजूनं चिकटली, माय दुसऱ्या बाजूनं, आणि मला त्या वेळी कुठं काही फारसं दुखतही नव्हतं. मागचं सगळं बाकी होतं, ते मी त्या दिवशी रडून घेतलं.